गॉल्फच्या पंढरींतील डावपेंच

क्रिकेट, टेनिस, बॅडमिंटन हे खेळ परदेशांतून आले आणि बघतां बघतां आमच्या घरांतलेच होऊन बसले. गॉल्फची मात्र आमच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांशीं सोयरीक कधीं जुळली नाहीं. वस्तुतः हा खेळ आमच्या देशांत नवा नव्हे. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गॉल्फ-क्लब कलकत्त्यासच १८२९ सालीं स्थापन झाला. परंतु विस्तीर्ण मैदान, महागडीं साधनें आणि साहेबी थाट यांमुळें 'हा आपला खेळ नव्हे' अशी आपली समजूत होऊन बसली. दुरून पाहणारास तर यांत पाहण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. एक मनुष्य काठीनें चेंडू टोलवितो, त्याच्यामागून फर्लांगभर चालत जातो आणि पुन्हां टोलवितो. यांत बुद्धीचें काम तें काय, असें कोणीहि विचारील.

या प्रश्नाचें उत्तर नुसत्या शब्दांनीं देण्यापेक्षां वाचकांस एखाद्या मैदानावरून फिरवून आणणें अधिक बरें. त्यासाठीं आम्हीं निवडलें आहे तें स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज गांवचें 'ओल्ड कोर्स' नांवाचें मैदान. गॉल्फ खेळणारांची ही पंढरीच होय. समुद्रकांठच्या या वालुकामय कुरणावर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क १५५२ सालच्या एका सनदेनें मान्य झालेला आहे, आणि आजहि हें मैदान कोणा धनिकाच्या मालकीचें नसून सार्वजनिक आहे. मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर रविवारीं तेथें खेळ बंद असतो, व गांवची मंडळी मुलांबाळांसह, कुत्र्यांसह त्यावरून खुशाल फिरावयास जातात. गॉल्फच्या मैदानाला अठराच होल कां, याचें मूळहि येथेंच सांपडतें. पूर्वीं येथील फेरी बावीस होलांची असे. १७६४ सालीं कांहीं होल एकमेकांत मिळवून ती अठरांची केली, आणि पुढें साऱ्या जगानें तोच कित्ता गिरविला.

खेळ कसा असतो

ज्यांनीं हा खेळ कधीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. मैदानांत सव्वाचार इंच रुंदीच्या अठरा खळ्या असतात; त्यांना 'होल' म्हणतात. आरंभींच्या जागेपासून खळीपर्यंतच्या साऱ्या वाटेलाहि 'होल'च म्हणण्याचा प्रघात आहे. आरंभींची जागा ती 'टी'. तेथून पुढें कापलेल्या गवताचा पट्टा असतो, तो 'फेअरवे'. आणि शेवटीं खळीच्या भोंवतीं गालिचासारखी बारीक कातरलेली हिरवळ. वाटेंत जागोजाग वाळूचे खोल खड्डे असतात, ते 'बंकर'. प्रत्येक होल किती टोल्यांत पुरा व्हावा याचा अंक ठरलेला असतो, त्यास 'पार' म्हणतात. ओल्ड कोर्सवर अठरा होलांचा एकूण पार ७२ आहे. ज्याचे टोले सर्वांत कमी, तो विजयी. चेंडू हद्दीबाहेर गेला तर एका टोल्याचा दंड भरून पुन्हां पहिल्याच जागेवरून मारावा लागतो. इतकें ध्यानांत धरलें म्हणजे पुढील वाटेंत अडखळण्याचें कारण नाहीं.

डावीकडे अभय, उजवीकडे सोय

ओल्ड कोर्सचा आकार धनगराच्या आंकडीदार काठीसारखा आहे. गांवापासून निघून सरळ बाहेर जावयाचें, टोंकाशीं वळसा घ्यावयाचा आणि जवळजवळ त्याच वाटेनें परत यावयाचें. पट्टी अरुंद असल्यामुळें जाणारांची व येणारांची हिरवळ पुष्कळ ठिकाणीं एकच आहे. अशा सात जोडहिरवळी येथें आहेत. आणि मौज अशी कीं, एका हिरवळीवरील दोन होलांचे क्रमांक मिळविले तर बेरीज नेमकी अठरा येते: दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, याप्रमाणें आठवा व दहावा येथपर्यंत. पहिला, नववा, सतरावा व अठरावा एवढ्यांनाच स्वतंत्र हिरवळ आहे.

या रचनेंतूनच येथल्या डावपेंचांचें मुख्य सूत्र निघतें. जातांना काय किंवा येतांना काय, मैदानाची बाहेरची कड खेळणाराच्या उजव्या हातासच असते. जातांना त्या कडेला काटेरी झुडपें, येतांना पुष्कळ ठिकाणीं हद्द. डाव्या हातास मात्र दोन्ही वाटांचा सामाईक पट्टा मोकळा पसरलेला. तेव्हां भ्यालेला मनुष्य चेंडू डावीकडे मारतो व निर्धास्त होतो. पण हा निर्धास्तपणा एका टोल्यापुरताच टिकतो. कारण हिरवळीच्या तोंडाशीं असलेले बंकर आणि उंचवटे बहुधा डावीकडून येणाराच्याच वाटेंत आडवे येतात, आणि उजव्या कडेनें आलेल्यास हिरवळीचें दार उघडें सांपडतें. येथें धोका सर्वथा चुकवितां येत नाहीं. तो केव्हां पत्करावा एवढेंच आपल्या हातीं असतें. पहिल्या टोल्यास पत्करला नाहीं, तर दुसऱ्या टोल्यास तो व्याजासह भरावा लागतो. हा जमाखर्च अठरा वेळां नव्यानें मांडणें, हीच येथील खरी परीक्षा.

त्यांत आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली बंकरांची. येथें ११२ बंकर आहेत, आणि त्यांतील कित्येक टीवरून दिसतहि नाहींत. कारण एके काळीं हें मैदान उलट दिशेनेंहि खेळत असत, व त्या बाजूनें पाहतां ते स्पष्ट दिसतात. बंकरांच्या भिंती हिरवळीच्या ढपल्या एकावर एक रचून उभ्या केलेल्या असल्यामुळें चेंडू पुढें मारण्यास जागाच उरत नाहीं. कधीं कधीं आडवा किंवा मागें मारून बाहेर काढावा लागतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. समुद्रावरून येणारा वारा दिवसांतून दिशा बदलतो, आणि सकाळीं दोन टोल्यांत गांठलेली हिरवळ सायंकाळीं तीन टोल्यांनींहि हातीं लागत नाहीं. म्हणून जाणते लोक येथें चेंडू उंच उडविण्यापेक्षां जमिनीलगत धांवविणें पसंत करतात. वाळूची जमीन टणक असल्यामुळें तो दूरवर घरंगळत जातो.

जातांना

पहिला होल सुमारें पावणेचारशें यार्डांचा. अठराव्याचा व याचा फेअरवे एकच असल्यामुळें समोर शंभर यार्डांहूनहि रुंद कुरण दिसतें, आणि नवखा मनुष्य सारी शक्ति एकवटून पहिला टोला हाणतो. पण हिरवळीच्या अगदीं पुढून स्विल्कन नांवाचा लहानसा ओढा वाहतो. पहिला टोला फार लांब गेला तर ओढ्यापलीकडे नाजुक, अर्धवट टोला मारण्याची पाळी येते, आणि असा चेंडू टणक जमिनीवर थांबत नाहीं. यास्तव पहिला टोला बेतानें मारून पुढें पुरा टोला मारण्याइतकें अंतर राखावें. आणि दुसऱ्या टोल्यास खळीच्या थोडा मागेंच चेंडू पडेल अशी काठी निवडावी. मागें पडलेल्यास चार टोल्यांत सुटका आहे. ओढ्यांत पडलेल्यास दंड आहे.

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत वर सांगितलेलें सूत्रच निरनिराळ्या वेषांत भेटतें. उजवीकडे झुडपें, डावीकडे मोकळीक, आणि हिरवळीच्या तोंडाशीं उंचवटे. पांचवा होल पांच टोल्यांचा असल्यामुळें तेथें वारा अनुकूल असेल तर एक टोला वांचवितां येतो.

सातव्यापासून बाराव्यापर्यंतचा वळसा हा मैदानाचा सौम्य भाग. यांत आठवा व अकरावा हे तीन टोल्यांचे, आणि नववा, दहावा व बारावा हे चार टोल्यांचे असले तरी आंखूड. परतीच्या वाटेवर जें गमवावें लागणार, त्याची बेगमी येथेंच करून ठेवावयाची असते. २०२२ सालीं ओपन स्पर्धेच्या अखेरच्या दिवशीं कॅमेरॉन स्मिथ या ऑस्ट्रेलियन खेळाडूनें दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत ओळीनें पांच होलांत प्रत्येकीं एक टोला वांचविला, आणि त्या बेगमीवरच पुढें तो तरला. बाराव्यावर मात्र फेअरवेच्या मध्यावर टीवरून न दिसणारे बंकर दबा धरून बसले आहेत. ज्यानें आधीं कोणास विचारून घेतलें नाहीं, त्याचा अगदीं सरळ टोलाच त्यांत सांपडतो.

अकरावा होल

अकरावा होल पावणेदोनशें यार्डांच्या आंतबाहेर. एकाच टोल्यांत हिरवळ गांठावयाची; पण हिरवळ मागून पुढें अशी उतरती आहे, कीं खळीच्या वरच्या अंगास चेंडू पडला तर नुसत्या स्पर्शानेंहि तो खालीं धांवत सुटतो. डावीकडे 'हिल' व पुढें उजवीकडे 'स्ट्रॅथ' असे दोन दुष्ट बंकर, आणि मागें ईडन नदीची खाडी. येथें शहाणपण एकच: चेंडू खळीच्या खालच्या अंगास ठेवावा, मग तो हिरवळीच्या किंचित् पुढें राहिला तरी चालेल. चढावर मारलेला चेंडू आज्ञेंत राहतो.

येथें बॉबी जोन्सची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १९२१ सालीं हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन तरुण ओपन स्पर्धेसाठीं प्रथमच या मैदानावर आला. तिसऱ्या फेरींत आधींच त्याचे टोले वाढत चालले होते. अकराव्यावर तो बंकरांत अडकला, आणि संतापाच्या भरांत चेंडू उचलून त्यानें स्पर्धाच सोडली. या वर्तनाची खंत त्यास पुढें जन्मभर वाटत राहिली. पण तो मैदानावर रुसला नाहीं. त्यानें त्याचा अभ्यास केला, आणि १९२७ सालीं येथेंच ओपन स्पर्धा सहा टोल्यांनीं जिंकली. १९३० सालीं हौशी खेळाडूंची स्पर्धाहि येथेंच जिंकली. १९५८ सालीं गांवानें त्यास सन्माननीय नागरिकत्व अर्पण केलें, आणि आज दहाव्या होलला त्याचेंच नांव आहे. सहा वर्षांत मैदान तेंच राहिलें होतें. बदलला होता तो खेळाडूचा स्वभाव.

स्वर्ग आणि नरक

परतीच्या वाटेवरील चौदावा होल सर्वांत लांब. मोठ्या स्पर्धांत तो सहाशें यार्डांहून अधिक भरतो. पार पांच. उजव्या हातास भिंत, डाव्या हातास 'बिअर्डीज' नांवाच्या बंकरांचें टोळकें, आणि मध्यें सपाट गवताचा एक सुरेख पट्टा. या पट्ट्यास तेथील लोक ग्रीक पुराणांतील स्वर्गाचें नांव देतात. पण स्वर्गांत पोंचलेल्यास पुढचा नरक चुकलेला नाहीं. दुसऱ्या टोल्याच्या टप्प्यांत 'हेल', म्हणजे साक्षात् नरक, याच नांवाचा प्रचंड बंकर आहे; त्यांत उतरलेला मनुष्य बाहेरच्यांस नीट दिसतहि नाहीं. जॅक निक्लॉससारखा महारथी १९९५ सालीं यांत सांपडला आणि त्या एका होलला त्यास दहा टोले लागले. हाच निक्लॉस १९७० व १९७८ सालीं या मैदानावर विजयी झालेला होता, हें लक्षांत ठेवावें.

सामान्य खेळाडूनें येथें दुसरा टोला सरळ न मारतां डावीकडे, पांचव्या होलच्या फेअरवेवर काढावा. वाट लांब पडते, पण नरक उजव्या हातास राहतो आणि तिसऱ्या टोल्यास हिरवळ समोर येते. ज्याच्या टोल्यांत बंकर निश्चित ओलांडण्याची शक्ति आहे त्यानेंच सरळ जावें. 'बहुतेक ओलांडेल' असें ज्यास वाटतें, त्याच्यासाठींच तो बंकर आहे.

सोळाव्यावरहि असाच पेंच आहे. वाटेच्या मधोमध 'प्रिन्सिपल्स नोज' नांवाचे तीन बंकर एखाद्या मास्तरांच्या नाकासारखे पुढें आलेले. त्यांच्या उजवीकडून गेलें तर हिरवळ सोपी, पण नाक व हद्द यांच्यामधील बोळ अरुंद. डावीकडून गेलें तर जागा ऐसपैस, पण हिरवळीच्या डाव्या अंगाचा बंकर वाटेंत येतो. स्पर्धेंत पुढें असलेल्यानें डावी वाट धरावी; मागें असलेल्यानें बोळ कां पत्करूं नये?

सतरावा होल

आतां आपण त्या प्रसिद्ध सतराव्यावर येऊन पोंचलों. 'रोड' हें याचें नांव. लांबी ४९५ यार्ड आणि पार अवघा चार. टीवर उभें राहिलें कीं समोर फेअरवे न दिसतां उजव्या हातचें हॉटेल दिसतें, आणि त्याच्या शेडींच्या छपरांवरून चेंडू काढावयाचा असतो. जितकें उजवीकडून जावें तितकी हद्द जवळ, पण तितकीच पुढची वाट सोपी. हिरवळ अरुंद व तिरपी आहे. तिच्या डाव्या कुशींत एक लहानसा, खोल बंकर घुसलेला. आणि मागें डांबरी रस्ता व त्यापलीकडे दगडी भिंत. येथील स्थानिक नियमाप्रमाणें रस्ताहि खेळाचाच भाग: चेंडू जेथें पडेल तेथूनच मारावयाचा.

या बंकरानें कितीकांचें पाणी जोखलें आहे! १९७८ सालीं नाकाजिमा हा जपानी खेळाडू दोन टोल्यांत सुखरूप हिरवळीवर पोंचला होता. त्यानें हलकेच सरकविलेला चेंडू उतारावरून घरंगळला तो थेट बंकरांत. बाहेर येण्यास त्याला चार टोले लागले आणि होल नऊंत संपला. २००० सालीं डेव्हिड ड्युव्हलला याच होलला आठ लागले. उलट बंकराच्या भयानें लांब मारणारास रस्ता गिळतो. १९८४ सालीं सहाव्या ओपन विजयाच्या उंबरठ्यावर असलेल्या टॉम वॉटसनचा दुसरा टोला हिरवळीवरून पार होऊन रस्त्यापलीकडे भिंतीजवळ गेला. एक टोला वाढला, आणि त्याच सुमारास पुढें खेळणाऱ्या बालेस्टेरोसनें अठराव्यावर एक टोला वांचवून विजय हिरावून नेला.

मग उपाय काय? जुन्या जाणत्यांचा उपाय हा कीं, दुसरा टोला हिरवळीच्या अलीकडे उजव्या अंगास थांबवावा, तिसऱ्यानें चेंडू जमिनीवरून खळीकडे धांवडवावा, आणि चार झाले तर आनंद, पांच झाले तरी समाधान मानावें. सतराव्यास पांच लागलेला मनुष्य हरत नाहीं. चार मिळविण्याच्या हट्टानें सात करून घेतलेला हरतो. २०२२ सालीं वर सांगितलेल्या स्मिथचा दुसरा टोला नेमका असा पडला कीं त्याच्या व खळीच्या मध्यें तो बंकर आला. त्यानें चेंडू बंकरावरून उडविण्याचा मोह टाळला. हिरवळीवर वापरावयाची पटर नांवाची काठी घेऊन चढाच्या आधारानें चेंडू बंकराला वळसा घालून पलीकडे नेला, आणि पुढच्या फटक्यांत खळी गांठून चारच टोल्यांत सुटला.

अखेरचा अठरावा सोपा दिसतो. साडेतीनशें यार्डांहून थोडा लांब, आणि वाटेंत एकहि बंकर नाहीं. पण हिरवळीच्या पुढील डाव्या अंगास एक खोलगट आहे, त्यास 'पापाची दरी' अशा अर्थाचें नांव आहे. हिरवळीवर जेमतेम पोंचणारा चेंडू मागें घसरून तेथें येतो. म्हणून येथें थोडा लांबच मारावा. आणि खळी हातभर अंतरावर आली म्हणून झालें असें समजूं नये. १९७० सालीं डग सँडर्सचा जेमतेम तीन फुटांचा फटका येथें चुकला. तो साधला असता तर स्पर्धा त्याची होती. दुसऱ्या दिवशीं निक्लॉसशीं फेरसामना झाला व त्यांत तो एका टोल्यानें हरला.

सावधपणा कोठवर?

येथवर वाचून वाचकांचा असा समज होईल कीं, भीतभीत खेळणारास हें मैदान प्रसन्न होतें. तसें नाहीं. २०२२ च्या त्याच अखेरच्या दिवशीं रोरी मॅकिल्रॉय स्मिथच्या चार टोले पुढें होता. त्यानें अठराहि हिरवळी ठरलेल्या टोल्यांत गांठल्या, एकहि मोठी चूक केली नाहीं, आणि प्रत्येक हिरवळीवर त्यास दोन दोन फटके लागले. टोले झाले ७०. स्मिथचे झाले ६४, आणि स्मिथ जिंकला. मॅकिल्रॉयचा चेंडू प्रत्येक वेळीं सुरक्षित जागीं पडला खरा, पण खळीपासून दूर. २०१३ सालीं महिलांच्या ओपन स्पर्धेंत स्टेसी लुईस हिनें सतराव्यावरच धाडस केलें. तिचा दुसरा टोला खळीपासून तीन फुटांवर थांबला, आणि सतरावा व अठरावा या दोन्ही होलांत एकेक टोला वांचवून ती दोन टोल्यांनीं विजयी झाली. उलट २००० सालीं टायगर वुड्सनें ओपन स्पर्धा आठ टोल्यांनीं जिंकली, तेव्हां चार दिवसांच्या बहात्तर होलांत त्याचा चेंडू एकाहि बंकरांत पडला नव्हता. धाडस कोठें व संयम कोठें, हें ज्याचें त्यानें, त्या दिवसाचा वारा, स्वतःचें बळ आणि प्रतिपक्षाची स्थिति पाहून ठरवावयाचें. टोला मारण्यापूर्वीं एवढें मात्र स्वतःस विचारावें: हा फसला तर किती जाईल, आणि तितकें देण्याची आज माझी ऐपत आहे काय?

आमच्या वाचकभगिनींसाठीं एक गोष्ट मुद्दाम राखून ठेविली आहे. या मैदानाच्या शेजारींच एक लहानसें क्रीडांगण आहे, तेथें फक्त हिरवळीवरचे हलके फटके खेळतात. १८६७ सालीं स्थापन झालेल्या स्त्रियांच्या क्लबचें तें स्थान. स्त्रियांच्या जगांतील अगदीं जुन्या गॉल्फ-क्लबांपैकीं हा एक होय. तेथील चढउतार इतके विलक्षण आहेत कीं त्या क्रीडांगणास नांव पडलें 'हिमालय'! आज तेथें थोडे पैसे भरून आजीनातवंडेंहि खेळूं शकतात. ताकद लागत नाहीं; उतार कोणीकडे आहे हें ओळखण्याची नजर तेवढी लागते.

दूरचित्रवाणीवर या मैदानावरील सामना दिसण्याचा योग आलाच, तर वाचकांनीं चेंडू हवेंत उडाल्यावर त्याच्यामागें नजर धांवडवूं नये. खेळाडू टीवर उभा असतांना त्याच्या चेहऱ्याकडे पाहावें. तो समोरची कोणती वाट सोडून देत आहे, तें ओळखण्याचा प्रयत्न करावा. चारसहा होल असे पाहिले म्हणजे चालण्याच्या त्या लांबच लांब वेळांत खेळाडू काय करीत असतो, तें कोणी सांगावें लागणार नाहीं.